इंग्रजी नाटकातला बर्फ

१ मार्च, शनिवार. सकाळी ६.१०
आजपासून नाटककार. निर्णय पक्का.
काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. इंटरनेटवर एका विलायती नाटककार-दिग्दर्शकाच्या उमेदवारीच्या दिवसांवरचा लेख सापडला. सतरा पानं. प्रिंट काढली, पंच केली, फाइलला लावली. त्याचं नाव इथे लिहीत बसत नाही, मी त्याला साहेब म्हणणार. साहेब कॉलेजात गेला नाही. मीही नाही. साहेब आधी पडदा ओढायचा, मग प्रॉम्प्टिंग, मग ट्रे घेऊन येणाऱ्या नोकराच्या भूमिका. मग स्वतःचं नाटक स्वतः लिहून स्वतः बसवलं. तेही समुद्रकाठच्या एका लहान गावात, लंडनला विचारत न बसता.
सोलापूरला समुद्र नाही. सिद्धेश्वर तलाव आहे. चालेल.
फरक एवढाच, साहेबाने हे सगळं एकोणीस ते सव्वीस या वयात उरकलं. मला त्रेपन्नावं चालू आहे. पण साहेबाच्या गळ्यात सात रस्त्यावरचं इलेक्ट्रिकचं दुकान नव्हतं.
संकल्प: रोज सकाळी दोन तास लेखन. चहा एकच. कुणाचाही सल्ला नाही.

सकाळी ८.१०
दोन तास पूर्ण. शीर्षक आणि खाली माझं नाव झालं. 'लेखक-दिग्दर्शक: सी. एम. हत्तुरे.' चनमल्लप्पा पूर्ण लिहिलं तर पोस्टरवर दोन ओळी जातात.
चहा तीन.

४ मार्च, मंगळवार
नाटक इंग्रजीत लिहितोय. मराठीत कुणीही लिहितं.
इथल्याच एका ट्रस्टची एकांकिका स्पर्धा आहे, ११ मेला. नियमावली तीनदा वाचली. भाषेची अट नाही. आपल्या गावात कन्नड, तेलुगू, उर्दू सगळंच, म्हणून त्यांनी ती सोय ठेवली असावी. इंग्रजीतून कुणी येईल हे त्यांच्या डोक्यातही नसणार. वेळ पंचेचाळीस मिनिटं.
माझं इंग्रजी स्वकष्टाचं. बावीस वर्षं पंखे, गीझर, मिक्सर यांच्याबरोबर येणारी पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचणारा सोलापुरात मी एकटा दुकानदार.
नाव: 'द लास्ट विंटर ऑफ सर हेन्री'. म्हातारा लॉर्ड. बायको सोडून गेलेली. तो खिडकीशी वाट बघतो. शेवटी ती येते, बाहेर बर्फ पडत असतो, तो मरतो. बर्फ मी फक्त फ्रीजरमध्ये पाहिलाय, पण निरीक्षण दांडगं आहे.
माझ्या बायकोला, राजेश्वरीला, गोष्ट सांगितली. तिने विचारलं, बायको का सोडून गेली? म्हटलं, ते प्रेक्षकांनी ठरवायचं. ती म्हणाली की बायकांना लगेच कळेल.

९ मार्च, रविवार
जागा मिळाली. राजेश्वरीचा भाऊ महादेवप्पा, त्याचं शुक्रवार पेठेत ज्वारीचं दुकान आहे, त्यावरचा माळा. अट एकच: ऋणनिर्देशात त्याचं नाव पहिलं. दुसरं घालणार.
पात्रं दोनच.
लेडी मार्गरेट: पायल. जुळे सोलापुरात आमच्या मागच्या कॉलनीत राहते, स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. कॉलेजात अभिनयाची तीन बक्षिसं. संहिता वाचून म्हणाली, सर, भाषा जरा मिक्सरच्या पुस्तिकेसारखी वाटते. मार्गरेट नवऱ्याला म्हणते ते वाक्य तर फारच: "हेन्री, कीप अवे फ्रॉम हीट अँड मॉइश्चर." मी सांगितलं, ते प्रतीक आहे. गप्प बसली. प्रतीक म्हटलं की नवी पिढी गप्प बसते.
सर हेन्री: धोंडिराम. आमच्या दुकानांच्या ओळीचा वॉचमन. वय सहासष्ट. नाक असं की लंडनला जन्मला असता तर लॉर्डच झाला असता. इंग्रजीचं अक्षर येत नाही. हा गुणच, म्हणजे तो माझ्या चुका काढणार नाही. पायल त्याला वाक्यं देवनागरीत लिहून देणार. तरुणपणी कलापथकात गायचा म्हणे, गावोगाव नाव होतं. मग सूतगिरणीत अठ्ठावीस वर्षं, कापूस पिंजायच्या खात्यात. तिथे आवाज गेला. भूमिका देतो म्हटल्यावर उठून उभाच राहिला. नंतर बराच वेळ खोकला.
खोकला संहितेत नाही. नोंद घेतली.

१६ मार्च, रविवार
दुपारी दीक्षा आली, धोंडिरामची मुलगी. स्टाफ नर्स आहे. ड्यूटीवरून थेट दुकानात. सांगत होती की बाबांच्या छातीत गिरणीची रुई बसलीय, फुप्फुसं निम्मीसुद्धा चालत नाहीत. डॉक्टरांनी धूळ पूर्ण बंद सांगितलीय. पुन्हा एकदा तसं काही नाकातोंडात गेलं तर ते म्हणतात आमच्या हातात राहणार नाही. नाटकाला तिची ना नाही. बाबा आरशासमोर उभे राहतात, पाच वर्षांत पहिल्यांदा दाढी रोज करतात. फक्त बर्फाचं ऐकून तिला धास्ती वाटली.
म्हणाली, "काका, धूळ नको. एवढा एक शब्द द्या."
मी तोंडी शब्द देत नाही. लेटरहेडवर लिहून दिलं: 'रंगमंचावर धूळ, धूर, पावडर इत्यादी वापरले जाणार नाही. बर्फासाठी फक्त थर्माकोलचे दाणे.' तारीख, सही, शिक्का. तिने दोनदा वाचून पर्समध्ये ठेवलं. म्हणाली, तुमचं सगळं मोजूनमापून असतं, म्हणून मी निर्धास्त आहे.
मुलगी हुशार आहे.

२३ मार्च, रविवार
तालीम. स्टॉपवॉच घेतलं.
धोंडिरामचं पाठांतर बरं, पण चार शब्दांवर दम तुटतो. 'द स्नो हॅज कम, मार्गरेट, बट यू हॅव नॉट' याचे त्याने तीन तुकडे केले. इंग्लंडचा लॉर्ड असा धापा टाकत बोलत नाही. सांगितलं, एका श्वासात. त्याने प्रयत्न केला, मग कठड्याला धरून उभा राहिला. दीड मिनिट वाया.
त्याने विचारलं की मालक, ह्यो हेन्री रडतो कशाला? म्हटलं, नटाला ते कळायची गरज नाही. नंतर पायलने त्याला कोपऱ्यात नेऊन मराठीत गोष्ट सांगितली, मी बघत होतो. त्यानंतर त्याने खिडकीकडे असं बघितलं की खाली ज्वारी मोजणारा महादेवप्पासुद्धा वर येऊन उभा राहिला.
मी काही सांगितलं नव्हतं म्हणूनच हे झालं. दिग्दर्शकाचं मौन काम करतं.

३० मार्च, पाडवा
सर हेन्रीचा ओव्हरकोट तयार. लोकर परवडली असती, पण आपण सोलापूरचे. दोन चादरींचा शिवून घेतला. मोर आतल्या बाजूला घ्यायला सांगितले होते, शिंप्याने एक पाठीवर ठेवलाच. म्हणाला, एवढा चांगला मोर लपवायचा कशाला. कोट उसवून पुन्हा शिवायला लावला.
कोटाचं वजन तीन किलो सातशे. धोंडिरामने घालून बघितला. घाम फुटला. म्हटलं, घाम पुसू नका, विलायतेत पुसत नाहीत.

६ एप्रिल, रविवार
बर्फाची पहिली चाचणी. थर्माकोलचे दाणे, अकरा फुटांवरून.
खाली यायला दीड सेकंद. हा बर्फ नव्हे, ही गारपीट. शिवाय जमिनीवर पडताना टिकटिक आवाज. शिवाय धोंडिरामच्या मिशीला चिकटले ते निघेनात. शिवाय पायल त्यावरून घसरली आणि इंग्रजीत न बसणारा शब्द बोलली.
लेखात लिहिलंय, साहेबाने एका चहाच्या किटलीसाठी तालीम दोन दिवस थांबवली होती. तपशील म्हणजे नाटक.

१४ एप्रिल, सोमवार
तालमीला कुणी नाही. धोंडिरामने आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, आज जयंती, येणार नाही. सर हेन्रीला असल्या सुट्ट्या नसतात, हे मी त्याला त्याच वेळी समजावलं होतं. तो नुसता हसला.
पायलही तिकडेच. संध्याकाळी सांगत होती: लोकांनी धोंडिरामला आग्रह करून माइकपाशी उभं केलं. जुनं गाणं. दोन ओळी झाल्या आणि दम संपला. तो हात वर करून तसाच थांबला आणि उरलेलं गाणं समोरच्या लोकांनी म्हटलं. अख्खं. तिला सांगताना भरून येत होतं.
विचारलं, हात किती सेकंद वर होता? तिने मोजलं नव्हतं.
या निष्काळजीपणामुळे आपली रंगभूमी मागे आहे.

२० एप्रिल, रविवार
तापमान ४२.६. माळ्यावर जास्तच. कोटासह तालीम. धोंडिराम दोनदा खाली बसला. मार्गरेट त्याला पाणी पाजते असं संहितेत नाही, पायलने पाजलं.
आज कागदाचे कपटे. लग्नातल्या अक्षतांसारखे दिसतात. महादेवप्पा खालून ओरडून विचारत होता, शुभमंगल झालं का.
घरी आल्यावर राजेश्वरी म्हणाली, अख्खं सोलापूर लस्सीत टाकायला बर्फ शोधतंय, आणि तुम्ही म्हाताऱ्यावर टाकायला. कलावंताला घरून विरोध हवाच असतो. लेखात त्यावर एक परिच्छेद आहे.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी ३.४०
मिळाला. बर्फ मिळाला.
ओळखीच्या पॉवरलूमवाल्याकडे पंखा दुरुस्तीला गेलो होतो. लूमखालून झाडून काढलेली रुई कोपऱ्यात पडलेली. मी मूठभर उडवली. ती खाली येईचना. उन्हाच्या तिरिपीत नुसती तरंगत होती. मोजलं: अकरा फुटांना सहा सेकंद. सहा. एक पोतं घेऊन आलो.
लेटरहेडचा प्रश्न होता. शांतपणे विचार केला. धूळ म्हणजे मातीची. रुई माती नाही, शेतातलं पीक आहे. पावडर नाही. धूर तर नाहीच. शिवाय नर्सला नाटकातलं काय कळतं.
तालमीत टाकली. धोंडिरामने वर बघितलं. बराच वेळ. मग कोटावर बसलेला एक पुंजका चिमटीत धरला, बोटांवर वळला, धागा ओढून बघितला. हळू आवाजात म्हणाला, आखूड धाग्याची हाय, मालक. मी म्हटलं, प्रेक्षकांना लांबून दिसणार नाही. तर तो म्हणाला, त्या दिवशी पण हीच का? हीच. बरं, म्हणाला. दीक्षा इचारंल, ते मी बघतो.
समजूतदार नट. असा नट मिळायला साहेबाला दहा वर्षं लागली.

३० एप्रिल, बसव जयंती
राजेश्वरीने पोत्यात हात घालून बघितला. मग मला 'री' म्हणून हाक मारली, कन्नडमधलं 'अहो'. तिने 'री' म्हटलं की विषय गंभीर असतो.
"री, त्या माणसाच्या छातीतनं गिरणी अजून निघाली नाही, आणि तुम्ही वरनं आणखी ओतताय?"
मी तिला तरंगण्याचे सहा सेकंद समजावून सांगितले. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, आज कायकवे कैलास, काम हाच कैलास, म्हणून भाषण ठोकून आलात ना? त्या माणसाने त्याचं काम केलं म्हणून त्याची छाती गेली. तुमचं काम काय?
लेख पुन्हा उघडला. साहेबाची पहिली बायको याच टप्प्यावर सोडून गेली. राजेश्वरी गेली नाही, जेवायला वाढून आत जाऊन बसली. आपल्याकडे सगळंच मंद.

४ मे, रविवार
पूर्ण तालीम, वाऱ्यासह. दुकानातला मोठा पंखा आणला. एक नंबरवर रुई हलते. दोनवर उडते. तीनवर वादळ. तीन नक्की.
मी नाकाला ओला रुमाल बांधला. दिग्दर्शकाचा आवाज जपायला हवा.
धोंडिरामला खोकला आला. थांबेना. मी पेन काढून संहितेत घातला: 'सर हेन्री खोकतो, तीन सेकंद.' लवचीकता हवी. पण हा माणूस चाळीस सेकंद खोकला आणि ओठ जांभळे झाले. मेकअपची बचत, असं मी विनोदाने म्हणालो. पायलने पंखा बंद केला, स्क्रिप्ट खाली ठेवली आणि सांगितलं की ती आत्ता दीक्षाला फोन लावतेय.
तेव्हा धोंडिरामने तिचा फोन धरलेला हात धरला. श्वास गोळा करत करत बोलला.
"पोरी, एकदाच. परत मला कोण उभं करतंय? नंतर काय, खुर्चीत बसूनच जायचं हाय की."
पायल रडली. फोन लावला नाही.
मी तेवढ्यात रुई गोळा करून पुन्हा तोलली. पाव किलो कमी भरली. कुठे गेली कळेना.

९ मे, शुक्रवार
सगळी तयारी. परीक्षकांसाठी नाटकाचा सारांश इंग्रजीत, तीन प्रती, स्पायरल. मुलाखतीची उत्तरं तयार. 'तुम्ही कुणाकडे शिकलात?' उत्तर: 'कुणाकडेच नाही', आणि मग हलकं हसायचं. आरशात सतरा वेळा केलं. चौदावं सर्वात चांगलं.
दीक्षाची त्या दिवशी ड्यूटी आहे, येऊ शकत नाही. फोन करून म्हणाली, बाबांना तुमच्यावर सोपवते. वेळ पाळण्याबद्दल तिला निश्चिंत राहायला सांगितलं.

११ मे, रविवार. सायंकाळी ५.०५
क्रमाने लिहितो. तपशील जायला नको.
आमचा प्रयोग साडेअकराचा. नटराजाची पूजा ११.०५. नारळ एका फटक्यात फुटला. तिसरी घंटा ११.३१, एक मिनिट उशीर, आयोजकांकडून. प्रेक्षक एकशे बारा. त्यातले चाळीसेक पुढच्या संघातले, तोंडाला रंग लावून बसलेले.
पहिली वीस मिनिटं शांत. भाषेमुळे दबले असणार. 'हीट अँड मॉइश्चर'ला मोठा हशा. तो अपेक्षित नव्हता, पण सुशिक्षित हशा होता.
१२.०१. बर्फ. वर पोतं घेऊन महादेवप्पाचा हमाल, पंख्यावर महादेवप्पा, तीन नंबर. मी विंगेत, रुमाल बांधून. पहिल्या रांगेतलं कुणीतरी पुटपुटलं, आयला, खरं वाटतंय. मी डोळे मिटले. यासाठी त्रेपन्न वर्षं.
धोंडिराम खिडकीशी. तोंड वर. सगळं पांढरं. आज तो खोकला नाही. एकदाही नाही. संहितेतले तीन सेकंदसुद्धा नाहीत. नुसतं तोंड उघडत होता, मिटत होता. मग खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली. मग गुडघ्यावर. सभागृहात पंख्याशिवाय आवाज नाही. मी स्टॉपवॉच दाबलं.
सोलापुरात मोबाइल न वाजता, कुणी न खाकरता, बावन्न सेकंद. हे कुणी केलंय आजवर?
मग पायलने घोळ केला. मार्गरेटने दारातून येऊन 'हेन्री, आय अ‍ॅम होम' म्हणायचं होतं. ती धावत आली, त्याच्या कोटाची बटणं तोडली आणि सरळ मराठीत पडदा टाका म्हणाली. पडदेवाला माझ्याकडे बघत होता. मी हात वर केला, थांब. सर हेन्रीचं शेवटचं वाक्य राहिलं होतं.
महादेवप्पाने मला न विचारता पंखा बंद केला. पडदाही त्यानेच ओढला. धक्का मारून गेला. मेहुणा आहे म्हणून सोडलं.
टाळ्या. लोक उभे राहिले. मोजल्या नाहीत, कारण तेवढ्यात अँब्युलन्स म्हणून पळापळ सुरू झाली आणि नमस्काराला मंचावर मी एकटाच होतो. पडदा बंद होता.
धोंडिरामला दीक्षाच्याच हॉस्पिटलात नेलं. कोट रस्त्यात पायलने काढून टाकला म्हणे. तीन किलो सातशे.
एकूण वेळ: बत्तीस मिनिटं चाळीस सेकंद. संहितेपेक्षा एक मिनिट कमी.

१३ मे, मंगळवार
निकाल.
अभिनय, प्रथम: धोंडिराम. लेखन: नाही. दिग्दर्शन: नाही. नेपथ्य: नाही. बर्फाचा उल्लेखसुद्धा नाही.
परीक्षकांचा शेरा मागून घेतला. 'भाषा समजली नाही, सबब संहितेविषयी मत नाही. ज्येष्ठ नटाने श्वास कोंडण्याचा केलेला अभिनय अविस्मरणीय.' म्हणजे दिग्दर्शन. ते मीच तर करून घेतलं. पहिल्या दिवसापासून श्वासावर काम करत होतो.
साहेबाचं पहिलं नाटक आठवड्यात बंद पडलं होतं, आणि समीक्षकाने त्याचं नाव चुकीचं छापलं होतं. माझं निदान चुकीचं छापलं नाही. छापलंच नाही.
धोंडिराम आयसीयूत. गेलो नाही. नटाला भूमिकेतून बाहेर यायला एकांत लागतो.

१५ मे, गुरुवार
पायलचा मेसेज. तीन शब्द: 'दीक्षाला सांगितलं, सर.'
उत्तरं तयार केली. एक: रुई धूळ नाही. दोन: नटाची संमती होती. तीन: निकाल बघा. मग लेटरहेडची कार्बन कॉपी काढली. 'धूळ, धूर, पावडर इत्यादी.' इत्यादी कशाला घातलं? मला कुणी सांगितलं होतं?
जेवण गेलं नाही. गरमीने.
राजेश्वरी दोनदा हॉस्पिटलात जाऊन आली. डबा घेऊन. काही सांगत नाही. मी विचारलं नाही, तर म्हणाली की तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगत नाही.

१८ मे, रविवार
गेलो. ट्रॉफी आणि प्रमाणपत्र आयोजकांनी माझ्याकडे दिलं होतं, ते पोचवणं भाग होतं.
आता वॉर्डात आणलंय. मास्क लावलेला. मी आधी दुसऱ्याच खाटेपाशी उभा राहिलो. ओळखू आला नाही. दाढी वाढलेली. ट्रॉफी उशाशी ठेवली, तर त्याने हात लावून बघितली आणि डोळ्यांनी हसला.
दीक्षाने स्टूल दिलं. ती भांडेल म्हणून मी उत्तरं एक ते तीन मनात म्हणत होतो. ती भांडली नाही. चार रात्री झोपली नसावी. सांगू लागली की डॉक्टर विचारतायत, छातीत नक्की काय गेलं. रुई असेल तर औषध वेगळं आणि आजच सुरू करायला हवं. थर्माकोल असेल तर ते औषध उगाच द्यायचं नाही, बाबांच्या हृदयाला झेपणार नाही. पायल म्हणते रुई. बाबा पहिल्या दिवसापासून म्हणतात थर्माकोल.
"बाबा कुणाला तरी वाचवायला खोटं बोलतील. पायल घाबरली होती, तिचं चुकेल. काका, तुम्ही सगळं मोजून करता. तुम्ही सांगा, मी तेच डॉक्टरांना सांगते."
दोन किलो चारशे ग्रॅम. आखूड धागा. तीन नंबर. पावणेदोन मिनिटं. सगळं तोंडावर होतं.
धोंडिरामने मास्क खाली ओढला.
"थर्माकोल होतं की गं. मालकांनी लिवून दिलं होतं ना तुला."
मास्क परत लावायला त्याचा हात वर जाईना. दीक्षाने लावला. मग माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. तिने ते हो धरलं.
म्हणाली, माफ करा काका, मी पायलचं ऐकून तुमच्याबद्दल भलतंच मनात आणलं. आणि डॉक्टरांच्या खोलीकडे गेली. लांब कॉरिडॉर आहे. बावीस पावलं ऐकू आली. सातव्याला हाक मारता आली असती. पंधराव्यालाही. धोंडिराम माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. बाविसाव्यानंतर दार लागलं.
ती परत आली. थर्मासमधून चहा ओतून दिला, आधी मला.
चहात साखर नव्हती. तेही बोललो नाही.